डब्यातली नहर

चार माणसे जमली की हवापाण्याच्या गप्पा निघतात, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आमच्या छत्रपती संभाजीनगरात हवेविषयी फारसे कोणी बोलत नाही; जे काही बोलायचे ते पाण्याविषयी. "तुमच्याकडे आले का?" एवढाच प्रश्न रस्त्यात कानावर पडतो, आणि काय आले हे कोणाला विचारावे लागत नाही. गेल्या काही वर्षांत आमच्या नळांनी चार-चार, आठ-आठ दिवसांचे कडक उपास केले. कपडे कधी धुवायचे, पाहुण्यांना कधी बोलवायचे, एवढेच काय पण घरातल्या मुलीचे केस कोणत्या वारी न्हायचे, हे पंचांगाने नव्हे तर नळाने ठरवलेले मी पाहिले आहे. अशा गावात, दिवाणखान्यात शंभर लिटर पाणी भरून त्यात मासे सोडणे हे शहाणपणाचे लक्षण आहे काय? या सदराच्या चाणाक्ष वाचकांच्या मनात हा प्रश्न उभा राहण्यापूर्वीच तो आमच्या घरात विचारला गेला होता.

मासे आम्ही हौसेने आणले नव्हते. शेजारच्या बँकवाल्यांची बदली झाली, सामान ट्रकात चढले, आणि तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी एक काचेची पेटी मागे उरली. तिच्यात आठ गप्पी, सहा काळ्या मोली आणि दोन गोल्डफिश. आमच्या कन्यारत्नाने परस्पर होकार देऊन टाकला होता.

सासूबाई पैठणच्या. त्यांनी पेटीकडे एकदा आणि माझ्याकडे दोनदा पाहिले. "माणसाला पेयाला पाणी नाही, अन् तुम्ही बसवा मासे!" मुलगी त्यांच्याच तालमीत वाढलेली. ती म्हणाली, "आजी, नाथांनी काशीहून आणलेलं पाणी गाढवाला पाजलं ना? तूच सांगतेस." सासूबाई क्षणभर गप्प झाल्या. मला वाटले, पोरीने डाव जिंकला. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "गाढव आपल्या पायानं वाळवंटात आलं होतं. ह्यांना काचेत कुणी घातलं?"

एकनाथांवर मी वीस वर्षे शिकवते आहे. पण त्या गाढवाकडे या बाजूने कधी पाहिले नव्हते. उत्तर बिनतोड होते. शेवटी तह झाला तो असा, की आठवड्याला माशांसाठी एक बादली पाणी मिळेल. पंधरा लिटरची, काठोकाठ. त्यात मासे जगले तर राहतील, नाही तर पाणी भरपूर असलेल्या कोणा घरी पाठवायचे. या एका बादलीने मला पुढचे सारे शिकवले.

पेटीतले पाणी बिघडते कशाने? आपल्याला वाटते, घाणीने. घाण दिसते म्हणून तसे वाटते. खरा शत्रू दिसत नाही. मासा श्वासावाटे, कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेले दाणे आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. नदीत हा अमोनिया पसरून जातो. पेटीत तो माशाभोवतीच राहतो. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसत असते आणि मासा मात्र पृष्ठभागाशी येऊन तोंड वासत असतो. उपाय दोनच. एक, निम्मे-अर्धे पाणी वरचेवर फेकून नवे भरणे. तो मार्ग आमच्या तहाने बंद केलेला. दुसरा, त्या विषाचे काही तरी करणे.

ते करणारे सूक्ष्म जंतू जगात पहिल्यापासून आहेत. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास झुरिक येथे ते वेगळे करून दाखविले. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते. तेही विषच. दुसरी जात त्या नायट्राइटचे नायट्रेट करते, आणि नायट्रेट मासा बऱ्यापैकी सोसतो. एकाने कापूस पिंजायचा आणि दुसऱ्याने सूत काढायचे, तशी ही वाटणी. जवळजवळ सव्वाशे वर्षे सर्वांची समजूत होती की ही दोन कामे एकाच जंतूला जमत नाहीत. २०१५ साली दोन ठिकाणच्या संशोधकांनी दाखवून दिले की पिंजणे आणि कातणे दोन्ही एकटाच करणारा जंतूही असतो. एक ठिकाण व्हिएन्ना. दुसरे नेदरलंडमधील नायमेगेन. गंमत अशी, की नायमेगेनकरांना तो सापडला तो मत्स्यपालनाच्या टाकीला जोडलेल्या फिल्टरमध्ये. म्हणजे ज्या गाळाला आपण नाक मुरडून मोरीत ओततो, त्यात ही विद्या दडून बसली होती.

एवढे वाचल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की फिल्टर म्हणजे चहाची गाळणी नव्हे. ती एक वस्ती आहे. या जंतूंना चिकटून बसायला खरखरीत जागा हवी, आणि अंगावरून सतत वाहणारे, प्राणवायू असलेले पाणी हवे. एवढे दिले की बाकी ते पाहून घेतात. शेजाऱ्यांच्या पेटीत जो मुठीएवढा फिल्टर होता त्यात स्पंजाचा एक तुकडा, बस्स. सोळा माशांचा प्रपंच त्या एका खोलीत कसा व्हावा?

दुकानात चौकशी केली. 'कॅनिस्टर' नावाचे बाहेर ठेवायचे मोठे फिल्टर मिळतात. किंमत ऐकून मी दुकानदाराला धन्यवाद देऊन बाहेर पडले. वाटेत शब्दाचा विचार करू लागले; मास्तरकीची खोड. कॅनिस्टर म्हणजे डबा खरा, पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वेताची टोपली. ज्यातून पाणी सगळे गळून जायचे अशा टोपलीचा, ज्यातून थेंबही गळता कामा नये असा डबा झाला! शब्दांच्या नशिबी काय येईल सांगता येत नाही. डबाच असेल तर तो घरी का होऊ नये, असे मी मनाशी म्हटले आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर शहागंजात शिरले.

आधी मनात एक मोठी, रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी होती. आमच्या फिजिक्सच्या सहकाऱ्यांनी ती कागदावरच फोडली. डबा पेटीच्या खाली, कपाटात राहणार. पेटीतल्या पाण्याची पातळी त्याच्या झाकणाच्या मीटरभर वर. मग झाकणावर भार किती? आठ इंच व्यासाच्या झाकणाला तीस किलोच्या वर. बरणीचे झाकण फुगलेल्या पुरीसारखे होईल आणि कडेने पाणी सोडील. तोंड अरुंद असेल तर भार कमी. म्हणून घेतला तो ड्रेनेजला लावतात त्या सहा इंची पीव्हीसी पाइपचा दीड फूट लांब तुकडा. आत पाणी मावते सुमारे आठ लिटर. खालच्या तोंडाला कायमची टोपी, वरच्या तोंडाला आट्यांचे झाकण आणि त्यात रबरी कडे. छतावरच्या टाकीला लावतात तसले दोन टँक निपल, अर्ध्या इंचाची पारदर्शक नळी, चार क्लिपा, दोन कॉक, टेफलॉनची पट्टी, सिलिकॉनची एक नळी.

दुकानदार चाचांनी सामान मांडले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मॅडम, ड्रेनेज में नै लगा रहे, तो इसकू लगा किधर रहे?" मी सांगितले, मछली के लिए. नीचे डिब्बा, ऊपर टंकी, पानी नीचे उतरेगा, साफ होके फिर ऊपर जाएगा. चाचांनी पाइपाचा तुकडा हातात फिरवला आणि म्हणाले, "तो ये पनचक्कीवालाच काम हुआ ना."

मी घरी येईपर्यंत त्या वाक्याचा विचार करीत होते. चाचा बरोबर बोलले होते.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले, आणि त्यानंतर काही वर्षांतच या खडकाळ जागी पाणी आणले. उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीच्या पोटातले पाणी गोळा करायचे, भुयारी पाटांतून आणि नळांतून ते उताराने शहरात आणायचे, आणि हौदाहौदांतून वाटायचे. ही नहर-ए-अंबरी. पुढे अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्की १७४४ च्या सुमाराची. काही मैल दूरच्या डोंगरातले झऱ्याचे पाणी खापरी नळांतून येते, एका उंच भिंतीच्या अंगाने वर चढते आणि तिच्यावरून हौदात कोसळते. त्या जोरावर जाते फिरे आणि दर्ग्यात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. तो लांबरुंद हौद म्हणजे खालच्या दालनाचे छत आहे, हे कितीकांना ठाऊक नसते. मुले तेथे जात ती जाते पाहायला नव्हे. हौदातले मासे पाहायला. तेव्हा या शहरात वाहत्या पाण्यावर मासे पोसणे ही काही माझी नवलाई नव्हे.

पाणी भिंतीवर आपोआप कसे चढते, असे सहलीला आलेली मुले दर वर्षी विचारतात. पाणी मूळ उंची विसरत नाही, हे त्याचे उत्तर. बंद नळातून खाली उतरलेले पाणी दुसऱ्या बाजूला जवळजवळ तेवढेच वर येते. माझ्या डब्याचे शास्त्र हेच. पेटीतून एक नळी खाली उतरते, दुसरी वर पेटीत जाते. दोन्ही पाण्याने भरलेल्या, मधला डबा हवाबंद. ही पाण्याने भरलेली कावड आहे. दोन्ही टोकांचे वजन सारखे, म्हणून नुसत्या बोटाने ढकलले तरी ती हलते. पंपाला पाणी मीटरभर उचलावे लागत नाही. नळीचे आणि स्पंजाचे घर्षण तेवढे सोसावे लागते. नाथांच्या घरी श्रीखंड्याने बारा वर्षे कावडीने पाणी वाहिले असे सांगतात. ती कावड खांद्यावर कशी तोलली जाई याची मी कित्येक वर्षे रसाळ वर्णने केली आहेत. तिचे गणित या निमित्ताने कळले.

आता पंप. मराठवाड्यातल्या कोणत्याही घरात फडताळ उघडा, कूलरचा एक जुना पंप सापडेल. आमच्याकडेही होता. अठरा वॉटचा, चालू स्थितीतला. महिनाभर अखंड चालला तरी तेरा युनिट वीज. डब्याची रचना खालून वर अशी केली: पेटीतले पाणी बुडाशी शिरेल, जड गाळ तेथेच बसेल, वर प्लॅस्टिकची जाळी, जाळीवर स्पंजाच्या तीन जाड चकत्या, त्यावर फुटक्या कुंड्यांची सुपारीएवढी खापरे आणि भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या घासण्या, सर्वांत वर, स्वच्छ पाण्यात, पंप. खापरांवर माझा विशेष जीव. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांत जंतूंना अगणित खोल्या मिळतात. शिवाय नहरीचे नळ खापरी आणि माझ्या डब्यातही खापरे, या योगायोगाने मला जो आनंद झाला तो घरात कोणालाच समजला नाही. आमच्या भागातल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची देखणी खनिजे सापडतात आणि त्या कुळातली काही अमोनिया शोषून घेतात असे कळले. पण दिवाणखान्यातला शोभेचा दगड फोडायला यजमान तयार झाले नाहीत.

हवेचे मात्र नहरीकडूनच शिकावे. बंद नळात हवा अडकली की पाणी अडते. म्हणून नहरीच्या वाटेवर विटा-चुन्याचे खांब उभारलेले आहेत. पाणी त्यांत वर चढते, अडकलेली हवा निघून जाते, वाढलेला दाब सैल होतो. अनोळखी माणूस त्यांना जुन्या चौकीचे बुरूज समजून पुढे जातो. आमच्या डब्याच्या झाकणाला मी औषधाच्या दुकानातून आणलेली सलाइनची नळी बसविली. तिच्यावर ते छोटे चाक असते ना, तेच आमचे खांब. पहिल्यांदा पाणी सोडले तेव्हा चाक उघडताच फुसफुस करीत हवा गेली, मागोमाग पाण्याची बारीक धार आली, मग चाक बंद केले. कपाटातली गुडगुड थांबली.

कोणी वाचक हा खटाटोप करणार असतील, तर दोन-तीन गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. सारे जोडून झाल्यावर डबा चोवीस तास न्हाणीघरात वर्तमानपत्रावर उभा ठेवावा आणि नळीची दुसरी टोके तेवढ्याच उंचीवर बादलीत सोडावीत. वर्तमानपत्र खोटे बोलत नाही. निदान ओले झाले की नाही याबाबत. दुसरे, पाणी ओढणाऱ्या नळीला पेटीतल्या पातळीच्या दोन बोटे खाली एक बारीक भोक पाडावे. परत येणारी नळी पातळीच्या जरा वरच संपवावी. डब्याचा सांधा रात्री सुटला तरी पाणी भोकापर्यंत उतरेल, भोकातून हवा शिरेल आणि धार तुटेल. नाही तर सकाळी मासे पेटीच्या तळाशी आणि पेटी दिवाणखान्यात. तिसरे, विजेचे. पंपाची वायर झाकणातून रबरी ग्लँडमधून काढावी, बोर्डाकडे जाण्यापूर्वी तिला खाली एक झोका द्यावा म्हणजे ओघळ बोर्डात न जाता झोक्यावरून गळेल, आणि गळती ओळखून वीज तोडणारा स्विच त्या ओळीवर असल्याशिवाय हा उद्योग करू नये. पाण्यात हात घालण्यापूर्वी पंप बंद.

आणि वीज गेली तर? ती जातेच. तास-दोन तासांचे काही नाही. पण पंप पाच-सहा तास बंद राहिला तर बंद डब्यातला प्राणवायू संपतो, जंतू गुदमरू लागतात, आतले पाणी कुजते. वीज आल्यावर ते पाणी तसेच पेटीत ढकलू नये; आधी डबा उघडून रिकामा करावा.

डबा चालू झाला म्हणजे वस्ती झाली असे नव्हे. जंतू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. सासूबाईंना हे पटेना. इतक्या दिवसांनी काम करणारे यंत्र कसले? तेव्हा मी शेजाऱ्यांच्या जुन्या फिल्टरचा तो बुळबुळीत स्पंज नव्या डब्याच्या पाण्यात पिळला आणि तो जुना फिल्टरही पेटीत चालूच ठेवला. सासूबाई पाहत होत्या. "विरजण लावलं म्हण की," त्या म्हणाल्या. माझ्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा हा शब्द नेमका होता. त्यानंतर "लागलं का?" हा प्रश्न त्या रोज सकाळी विचारू लागल्या. दाणे निम्म्यावर आणले. पाण्यात थेंब टाकून रंग पाहायची अमोनियाची एक बाटली मिळते; पहिल्या आठवड्यात पाणी हिरवट होई, तिसऱ्याच्या अखेरीस फिके पिवळे, आणि एके दिवशी पिवळे ते पिवळेच राहिले. गोल्डफिश पृष्ठभागाशी येण्याचे सोडून तळाची वाळू उकरू लागले होते. सोळाच्या सोळा होते.

नायट्रेट मात्र साठत राहते, त्याला डब्यात औषध नाही. ते पाणी काढूनच टाकावे लागते. आठवड्याला एक बादली पुरते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो माशांना व जंतूंनाही वाईट. पण आमच्या टाकीत पाणी इतके दिवस मुक्काम करते की क्लोरीन केव्हाच निघून गेलेला असतो. टंचाईचा एवढा एक फायदा मला आजवर सापडला आहे. स्पंज महिन्या-दीड महिन्याने धुवायचा तोही नळाखाली नव्हे, त्याच काढलेल्या बादलीत. मग ते चहाच्या रंगाचे पाणी सासूबाई कढीपत्त्याच्या कुंडीला घालतात. नायट्रेट म्हणजे शेवटी खतच. कढीपत्त्याने या पावसाळ्यात जो फुटवा धरला, तो पाहून त्यांनी माशांविषयी बोलताना 'ते' ऐवजी 'आपले' हा शब्द वापरल्याचे मी दोनदा ऐकले.

मलिक अंबरचे पाणी डोंगरातून आपल्या पायाने खाली येत होते. आमचे आजचे पाणी पैठणला, शहराहून खालच्या पातळीवर, नाथसागरात आहे. ते पंपांनी वर चढवून एवढ्या लांबवर आणावे लागते. जलवाहिनी फुटली किंवा तिकडे वीज गेली की इकडे निर्जळी. नहरीचे अनेक खांब पडले, नळ फुटले, वर घरे आली, रस्ते आले. तिने आजच्या एवढ्या मोठ्या शहराची तहान भागली असती असे कोणी म्हणू नये. पण विजेच्या एका तारेवाचून वाहणारे पाणी आपण पायांखाली मोडू दिले, याचे मला वाईट वाटते. वर्गातली पोरे या खांबांच्या बाजूने रोज ये-जा करतात आणि हे काय आहे म्हणून विचारीत नाहीत, याचे जास्त.

तह खऱ्या कसोटीला लागला तो मे महिन्यात. पारा बेचाळिसावर, आणि पेटीतले पाणी दोन दिवसांत बोटभर उतरू लागले. बोटभर म्हणजे चार लिटर. आठवड्याचा हिशेब केला तर बादली नुसत्या वाफेतच जात होती. बदलायला थेंबही उरत नव्हता. नुसती भर घालून चालत नाही, कारण वाफ जाते ती पाण्याची. क्षार मागेच राहतात. मी गुलमंडीवरून पेटीच्या मापाची काच कापून आणली, चारी कोपऱ्यांना रबराचे तुकडे लावून हवेला बोटभर फट ठेवली, आणि पेटीवर झाकण घातले. दुसऱ्या दिवशी काचेच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब जमून परत पेटीत पडत होते. पातळी जेमतेम हलली होती.

सासूबाईंनी झाकणावरून हात फिरवला, आतले थेंब पाहिले, आणि खिडकीत घरघरणाऱ्या, दुपारभरात दोन-तीन बादल्या सहज पिणाऱ्या आमच्या कूलरकडे वळून विचारले, "ह्याला नाही का घालता येत झाकण?"